शेतातल्या फोटोत लेकराचा चेहरा हिरवट-राखाडी का पडतो, आणि गोरा करून तो का सुधारत नाही

पोळ्याच्या दोन-तीन दिवसांनंतरची गोष्ट आहे. अंबाजोगाईजवळच्या एका गावातल्या बाई प्रिंट घेऊन स्टुडिओत आल्या. बारा बाय अठराची, अकरा वर्षांच्या लेकीच्या वाढदिवसाच्या शूटची. प्रिंट टेबलावर ठेवली आणि रागावून नाही, अगदी हळू आवाजात म्हणल्या, "दादा, ही माझी पोरगी वाटंना मला." मी बघितलं तर खरंच. पोरगी चांगली तरतरीत, गव्हाळ रंगाची, हसली की गाल वर येतात तशी, आणि प्रिंटमध्ये तिच्या चेहऱ्यावर राख फासल्यासारखं दिसू लागलं होतं. हनुवटीखाली हिरवं, गाल पांढरट, कान आणि मान वेगळ्याच रंगाची. शूट मी केलेलं, एडिटिंगही माझंच, त्यामुळं दुसऱ्या कुणाकडं बोट दाखवायचा प्रश्नच नव्हता. पैसे परत करायला निघालो तर त्या म्हणल्या पैसे नको, फोटो नीट करून द्या.

त्या दिवसापासून या एका प्रॉब्लेमच्या मागं लागलो. जुन्या फाईली उघडून बघितल्या तर दर पावसाळ्यात हेच झालेलं होतं, कमी-जास्त. आपल्याकडं आता लेकरांचे वाढदिवस, दहावीचा सेंड ऑफ, बारावीच्या पोरांचे ग्रुप, सगळे आऊटडोअरलाच करायलेत आणि आऊटडोअर म्हणजे रान, तळं, किल्ला, नाहीतर हायवेकडंचं एखादं लॉन. बऱ्याच फोटोग्राफर भावांच्या फोटोत मला हाच हिरवट-राखाडी चेहरा दिसतो आणि तो झाकायला सगळेजण एकच उपाय करतात, चेहरा गोरा करतात. तिथंच काम जास्त बिघडतं. म्हणून जे शिकलो ते सविस्तर लिहितोय.

आधी रोग ओळखायचा. फोटो कॉम्प्युटरवर १०० टक्के झूम करून चार ठिकाणी बघा: कपाळ, गाल, हनुवटीच्या खालचा भाग आणि मान. चारही जागी सारखीच हिरवट झाक असंल तर व्हाईट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगाप्रमाणं कॅमेऱ्याचा रंग जुळवायची सेटिंग, चुकलाय, ते सोपं आहे, दोन मिनिटांत निघतं. पण कपाळ ठीक आणि हनुवटी, नाकाच्या खालची बाजू, भुवयांच्या खालचा खड्डा एवढंच हिरवं असंल तर तो उजेड खालून आलाय, जमिनीवरून. तो एडिटिंगमधला स्लायडर (रंग कमी-जास्त करायची पट्टी) ओढून निघत नाही, कारण कपाळाचा रंग हलवायचा नाही आणि हनुवटीचं हिरवं काढायचंय, एकच स्लायडर दोन्ही कामं करत नाही. आणि तिसरा प्रकार, चेहरा हिरवा नाही पण मातकट, राखाडी, निर्जीव आहे आणि सावलीत दाणे दाणे दिसतात, तर एक्स्पोजर, म्हणजे फोटोत घेतलेला उजेड, कमी पडलंय आणि नंतर एडिटिंगमध्ये ओढून वर आणलंय. माझ्या त्या प्रिंटमध्ये तिन्ही होते आणि वरून चौथा मी स्वतः घातलेला, गोरं करायची ॲक्शन, म्हणजे एका क्लिकवर चालणारं तयार एडिटिंग.

खालून येणाऱ्या उजेडाबद्दल जरा जास्त बोलतो कारण आपल्या भागात मुख्य घोळ इथंच आहे.

उन्हाचा उजेड जमिनीवर पडतो आणि परत वर फेकला जातो. काय रंगाचा फेकला जातो ते जमिनीवर काय आहे त्याच्यावर. कमरेएवढं हिरवंगार सोयाबीन असंल आणि लेकरू त्याच्या मधोमध उभं असंल तर त्याच्या चारी बाजूंनी हिरवे रिफ्लेक्टर लावल्यासारखंच झालं. लेकराची उंची कमी, त्यामुळं चेहरा पिकाच्या जास्त जवळ, म्हणून मोठ्या माणसापेक्षा लेकराच्या चेहऱ्यावर हिरवं जास्त चढतं. त्याच रानात, त्याच वेळेला काढलेल्या फोटोत वडिलांचा चेहरा बरा आणि पोराचा हिरवा, असं मी स्वतः बघितलंय आणि तेव्हा मला कारण कळलं नव्हतं.

उलटी अडचण काळ्या रानाची. आपली काळी माती, त्यात पाऊस पडून गेलेला असंल तर अजून काळी, ती उजेड गिळते, परत जवळजवळ काहीच देत नाही. डोंगरी भागात काळा कातळ, दौलताबादच्या किल्ल्याचा दगड, सगळं बेसाल्ट, गडद. अशा जागी उभं केलं की वरून ऊन आणि खालून अंधार. डोळ्यांच्या खाचा काळ्या, हनुवटीखाली खड्डा, आणि सावळ्या पोराचे तर डोळेच दिसत नाहीत. ही गोष्ट समजायला मला बीबी का मकबऱ्यानं मदत केली. तिथं संगमरवर आणि पांढऱ्या चुन्याचा गिलावा, मोठमोठे पांढरे पृष्ठभाग, त्यामुळं मोबाईलनं काढलेल्या साध्या फोटोतही माणसाचे डोळे उजळलेले असतात. तिथून जवळच, त्याच उन्हात, दौलताबादला तेच पोरगं उभं करा, चेहरा वेगळा येतो. कॅमेरा तोच, हात तोच. फक्त आजूबाजूचा दगड बदलला. (आणि जाताना लक्षात ठेवा, पुरातत्त्व खात्याच्या स्मारकात ट्रायपॉड, लाईट स्टँड घेऊन प्रोफेशनल शूट परवानगीशिवाय चालत नाही. पालक आणि लेकरं दारात उभी करून वाद घालण्यापेक्षा आधी परवानगी काढा.)

तर जमिनीचा इलाज जमिनीवरच करायचा. मी आता लेकराच्या पायापुढं, फ्रेमच्या बाहेर, पांढरं कापड अंथरतो. पहिल्यांदा हे केलं तेव्हा माझ्याकडं काहीच नव्हतं, त्या प्रिंटमधल्या पोरीच्या आजोबांनी दांडीवर वाळत घातलेलं धोतर दिलं, ते चार घड्या करून मातीवर टाकलं आणि व्ह्यूफाइंडरमधून बघितलं तर पोरीच्या डोळ्यात चमक आली होती. हनुवटीखालचं हिरवं जवळजवळ गेलं. एवढा साधा इलाज असून मी इतकी वर्षं फोटोशॉपमध्ये डोकं फोडत होतो. एक लक्षात ठेवा, नीळ दिलेलं किंवा चकाकी आणणारी पावडर वापरून धुतलेलं कापड किंचित निळसर उजेड फेकतं, कारण त्या पावडरीतलं द्रव्य उन्हातल्या अतिनील किरणांनी निळं चमकतं. शहरातल्या ए फोर कागदाचंही तसंच. म्हणून कायमचं वापरायला साधा थर्माकोल बरा, चार बाय तीन फुटांचा, मध्ये कापून चिकटपट्टीनं बिजागरीसारखा जोडला की बाईकवरही नेता येतो. वाऱ्यात उडतो, म्हणून कडेला दोन दगड. घडीचा रिफ्लेक्टर असंल तर पांढरी बाजू वापरा. सोनेरी बाजू लेकरांवर वापरू नका, सावळ्या चेहऱ्यावर ती तांबूस-नारिंगी चढते आणि नंतर काढायला त्रास. चंदेरी बाजू डोळ्यात टोचते, लेकरं डोळे बारीक करतात आणि मग हसू जातं.

लिंबाखाली किंवा चिंचेखाली सावली आहे म्हणून उभं करू नका. तो उजेड पानातून गाळून येतो, म्हणजे वरूनही हिरवा आणि मधेमधे उन्हाचे कवडसे, एक गाल पांढरा फटक आणि दुसरा हिरवा. सगळ्यात चांगली सावली आपल्या जुन्या घरांनी करून ठेवलीय, ओसरी. छप्पर वर, समोर मोकळं अंगण, अंगणात शक्यतो सारवलेली किंवा फिकट फरशी. लेकराला ओसरीच्या आत नाही तर कडेला, जिथं सावलीची रेघ संपते तिथून हातभर आत, तोंड अंगणाकडं करून उभं करायचं. वाड्याचा दरवाजा असंल तर त्याहून चांगलं. तिथं साधारण आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती जागा आहे ते) १००, ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ २.८, शटर (उजेड आत घ्यायचा वेळ) १/४०० सेकंद अशा आसपास येतं, उघड्या उन्हापेक्षा तीन स्टॉप कमी (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). लेकरू पळणारं असंल तर आयएसओ वाढवा पण शटर १/५०० च्या खाली नेऊ नका. दोघं बहीण-भाऊ असतील तर एफ ४ करा, नाहीतर एकाचा डोळा शार्प आणि दुसऱ्याचा मऊ.

आता वेळ. सगळ्यांना माहीत असतं की सकाळी-संध्याकाळी शूट करावं, पण आपल्याकडं दुपारचं ऊन किती वाईट असतं त्याचं कारण फार कुणी बघत नाही. मराठवाडा कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, त्यामुळं वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि परत जुलैच्या शेवटाकडं, सूर्य अगदी डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली काठीच्या बुडाशीच. लातूर, अंबाजोगाईला मेच्या मध्याला, संभाजीनगरला त्याच्या थोडं नंतर. आणि आपल्या घड्याळात ती भर दुपार बारा वाजता नसते, साधारण साडेबाराच्या आसपास असते, म्हणजे साडेअकरा ते दीडच्या मध्ये भुवया थेट डोळ्यांवर छत्री धरतात. या वेळेत लेकरांचं पोर्ट्रेट काढायचंच नाही, पाहुणे आलेत, केक वितळतोय, काही असो. ओसरीत न्या नाहीतर पुढं ढकला. मे महिन्यात सूर्य सातच्या आसपास बुडतो, तर सव्वासहा ते पावणेसात ही खरी वेळ, आणि ४२ डिग्रीत लेकराला त्याच्या आधी बाहेर काढणं तसंही बरोबर नाही, गाल लाल होतात, घाम येतो, चिडचिड होते आणि चेहऱ्यावरचा घाम उजेडात पांढरा चमकतो. डिसेंबरात सूर्य सहाच्या आधीच जातो, तेव्हा पाचला तयार राहायचं.

व्हाईट बॅलन्स. ऑटो बंद करा. ऑटो दर फ्रेमला परत हिशोब करतो, वाईड फ्रेममध्ये हिरवं रान जास्त आलं की एक आकडा, क्लोजअपमध्ये पिवळा फ्रॉक जास्त आला की दुसरा, आणि मग एकाच पोरीचे चाळीस फोटो चाळीस रंगात. उन्हात ५२०० ते ५५०० केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप), ओसरीच्या सावलीत ६५०० ते ७५००, हाताने सेट करा आणि जागा बदलेपर्यंत हलवू नका. ग्रे कार्ड (रंग जुळवायचं करडं कार्ड) घेतलेलं उत्तम, पण ते लेकराच्या हनुवटीजवळ, चेहरा जिकडं आहे तिकडं तोंड करून धरा. कार्ड आडवं, आभाळाकडं धरलं तर ते निळ्या आभाळाचा उजेड मोजतं, चेहऱ्याचा नाही. ही चूक मी बरेच दिवस केली. कार्ड लेकराच्याच हातात द्या आणि सांगा हे धर बरं एक मिनिट, त्यांना काम दिलेलं आवडतं, आणि त्या निमित्तानं पहिल्या फोटोतला ताणही जातो.

एक्स्पोजरचं थोडक्यात. कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर सगळ्या फ्रेमला मधल्या करड्या रंगावर आणायला बघतो, १८ टक्के उजेड परत फेकणाऱ्या करड्यावर. पांढरा शाळेचा ड्रेस आला, मागं पांढरं आभाळ आलं, की तो फोटो खाली ओढतो आणि चेहरा एक-दीड स्टॉप अंधारात जातो. मग आपण घरी येऊन एक्स्पोजर आणि शॅडो वर ओढतो आणि सावलीतल्या कमी माहितीतून चेहरा उभा करतो, तोच तो मातकट, राखाडी, दाणेदार चेहरा. जेपेगमध्ये शूट केलं असंल तर अजून वाईट, तिथं दर रंगाच्या फक्त २५६ पायऱ्या असतात आणि त्यातल्या अंधाऱ्या भागात अगदी थोड्या. १४ बिट रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाईलमध्ये, १६,३८४. म्हणून लेकरांचं शूट रॉमध्येच आणि स्पॉट मीटर (एकाच ठिपक्याचा उजेड मोजणारा) गालावर ठेवून, नाहीतर सरळ एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरपेक्षा उजेड वाढवायची सेटिंग) +०.७ ते +१ ठेवून. मागचं आभाळ थोडं उडालं तर उडू द्या. आई आभाळ बघत नाही हो, पोराचे डोळे बघते.

आता तो विषय ज्याच्यासाठी खरं तर लिहायला बसलो.

सेंड ऑफच्या सीझनमध्ये दहावीच्या चार मुली त्यांच्यातल्या एकीच्या आईबरोबर आल्या होत्या. शूट झालं, फोटो निवडले, आणि निघताना त्यातली एक जण मागं राहिली. सावळी, शांत पोरगी. सगळ्या बाहेर गेल्यावर म्हणली, "काका, मला गोरं करू नका. मागच्या बारीला केलं होतं तर सगळ्या हसल्या मला." एवढंच बोलली आणि गेली. त्या रात्री मी माझ्या कॉम्प्युटरवरच्या फेअरनेसच्या सगळ्या ॲक्शन काढून टाकल्या. ज्या पोरीला आपला फोटो आवडावा म्हणून आपण रात्रभर बसतो तिलाच त्या फोटोची भीती वाटत असंल तर आपलं काम कुठंतरी चुकलंय.

आणि हे नुसतं भावनेचं नाही, रंगाच्या हिशोबानंही गोरं करणं हा इलाजच नाही. फोटोशॉपमध्ये इन्फो पॅनेल उघडा आणि नीट आलेल्या चेहऱ्याच्या गालावर कर्सर ठेवा. माझ्या एका गव्हाळ पोराच्या गालावर रेड १९०, ग्रीन १४०, ब्लू ११२ असे आकडे आहेत. दुसऱ्या एका सावळ्या पोरीच्या गालावर १३५, ९२, ७०. आकडे खूप वेगळे, पण ह्यू, म्हणजे रंगचक्रावरची रंगाची जागा, काढला तर एकाचा साधारण २२ आणि दुसरीचा २०. म्हणजे रंग जवळपास एकच, फक्त उजेड कमी-जास्त. माणसाची त्वचा गोरी असो की काळी, तिचा ह्यू एका अरुंद पट्ट्यातच असतो, व्हिडिओवाले व्हेक्टरस्कोपवर (रंग मोजायच्या आलेखावर) जी स्किन टोनची रेघ बघतात ती याचमुळं सगळ्यांना चालते. आता त्या बिघडलेल्या प्रिंटच्या फाईलवर कर्सर ठेवला तर आकडे होते १३०, १२२, ११०. ह्यू ३६. रेड आणि ग्रीनमधलं अंतर ८ वर आलेलं. हीच ती राख. चांगल्या त्वचेत रेड सगळ्यात जास्त, मग ग्रीन, मग ब्लू, आणि रेड-ग्रीनमध्ये चांगलं अंतर असतं. फेअरनेसच्या बहुतेक ॲक्शन काय करतात, तर नारिंगी आणि लाल रंगाचं सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) कमी करतात आणि ल्युमिनन्स (उजळपणा) वाढवतात, म्हणजे तेच अंतर पुसून टाकतात. चेहरा उजळ दिसतो पण रक्त निघून गेल्यासारखा. आणि ॲक्शन चेहऱ्यापुरती चालते, मग कान, मान, हात तसेच राहतात आणि मुखवटा घातल्यासारखं दिसतं.

म्हणजे सावळा रंग हा दोष नाही आणि तो काढायचा नाही. काढायचा तो हिरवा. हे एकदा डोक्यात बसलं की एडिटिंग निम्म्या वेळात होतं.

मी करतो ते असं. लाईटरूममध्ये आधी ग्रे कार्डच्या फोटोवरून व्हाईट बॅलन्स आणि तोच सगळ्या सेटला. मग एक्स्पोजर चेहऱ्यावरून ठरवायचं, आभाळावरून नाही. मग हनुवटी, जबड्याची खालची बाजू आणि मान यांना ब्रशनं मास्क (बदल तेवढ्याच भागावर होईल अशी निवड), फेदर (कडेचा मऊपणा) भरपूर, आणि त्या मास्कमध्ये टिंट (हिरवा-मजेंटा स्लायडर) मजेंटाकडं १० ते १५, बस. त्याच्यापुढं गेलात तर जांभळं दिसतं. लाईटरूममध्ये आकडे टक्क्यात दिसतात, फोटोशॉपमध्ये ० ते २५५, गोंधळू नका, बघायचा क्रम तोच. तरी थोडं हिरवं राहिलं तर फोटोशॉपमध्ये वर एक रिकामी लेयर (थर), तिचा ब्लेंड मोड कलर, गालाच्या चांगल्या भागातून रंग उचलायचा आणि मऊ ब्रश, फ्लो १० टक्क्याच्या आत, हनुवटीखालून हलक्या हातानं फिरवायचा. कलर मोडमध्ये उजेड-सावली तशीच राहते, फक्त रंग बदलतो, म्हणून नैसर्गिक दिसतं. कानाची पाळी आणि हातांची बोटं विसरू नका, लेकरांचे हात बऱ्याचदा गवतावर टेकलेले असतात आणि तेही हिरवे झालेले असतात.

कपड्याचंही असंच. पोपटी, फ्लोरोसंट हिरवा, गर्द लाल कपडा घातला की त्याचा रंग हनुवटीवर चढतो. मी आता बुकिंगच्या वेळीच सांगतो, गळ्याजवळ फिकट रंगाचं काही असू द्या. ऐकलं तर ठीक, नाही ऐकलं तर लेकराला जो ड्रेस आवडतो तोच घालू द्या, त्याचा वाढदिवस आहे. वरचा ब्रश त्याच्यासाठीच आहे.

त्वचेच्या रिटचिंगमध्ये माझा एकच नियम आहे: पंधरा दिवसांनी जे चेहऱ्यावर नसणार ते काढायचं, जे असणार ते ठेवायचं. पुटकुळी, डास चावल्याचा डाग, ओठाला लागलेला केक, नाकाला आलेलं पाणी, हे काढा. तीळ, जन्मखूण, लहानपणी पडल्याची कपाळावरची खूण, हे त्या लेकराचं आहे, पालकांनी किंवा स्वतः मोठ्या मुलानं सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही. एकदा एका बाळाच्या शूटमध्ये ऑटो क्लीनिंगनं गालावरची काजळाची तीटच पुसून टाकली, मला प्रिंट निघेपर्यंत दिसलं नाही. आजी म्हणल्या, तीट काहून काढली, लेकराला नजर लागंल की. ती तीट त्यांनी स्वतःच्या हातानं लावलेली होती. तेव्हापासून लेकरांच्या फोटोवर एका क्लिकवालं काहीही चालवत नाही. हळदीच्या कार्यक्रमात काढलेल्या फोटोतलं चेहऱ्यावरचं पिवळं पण असंच, ते कास्ट (चुकून चढलेली झाक) नाही, ती हळद आहे, राहू द्या.

दहा वर्षांच्या आतल्या लेकराच्या त्वचेला स्मूद करायचंच नाही. तिथं बारीक लव असते, कडेनं ऊन आलं की ती चमकते, तेच तर त्या वयाचं सौंदर्य. ब्लर केलं की प्लास्टिकची बाहुली. तेरा-चौदा ते सतराची पोरं वेगळी, पुटकुळ्यांनी हैराण झालेली असतात आणि फोटो काढायलाच लाजतात. त्यांच्यासाठी रिकाम्या लेयरवर हीलिंग ब्रश, सॅम्पल करंट अँड बिलो, एकेक पुटकुळी. मग राहिलेले लाल डाग. त्यांच्यासाठी फ्रिक्वेन्सी सेपरेशन (त्वचेचा रंग आणि टेक्श्चर दोन लेयरवर वेगळं करणं) बरेच जण चालवतात, मीही चालवतो पण फक्त रंगाच्या, म्हणजे खालच्या लेयरवर, आणि टेक्श्चरच्या लेयरला शक्यतो हात लावत नाही. नवीन शिकणाऱ्यांची इथं एक ठराविक चूक होते. ८ बिट फाईलला अप्लाय इमेजमध्ये सबट्रॅक्ट, स्केल २, ऑफसेट १२८ लागतं, आणि १६ बिटला ॲड, इन्व्हर्ट टिक, स्केल २, ऑफसेट ०. हे उलटंपालटं झालं की वरची लेयर लावल्यावर फोटो मूळसारखा दिसत नाही आणि लोकांना वाटतं सॉफ्टवेअर बिघडलं. मग राहिलेली उजेडाची उंच-सखलता डॉज अँड बर्ननं (थोडं थोडं उजळ-गडद करून), दोन कर्व्ह लेयर, एक उजळ एक गडद, दोन्हीला काळा मास्क, पांढऱ्या ब्रशचा फ्लो ३ ते ५ टक्के. वेळ लागतो. एका चेहऱ्याला वीस मिनिटं धरून चला, आणि तेवढा वेळ मिळत नसंल तर फोटो कमी निवडा पण ॲक्शन मारू नका.

मॉनिटर आणि लॅबचं पटकन सांगतो. मॉनिटरचा ब्राईटनेस पूर्ण वर असंल तर तुम्ही फोटो गरजेपेक्षा गडद एडिट कराल आणि प्रिंट काळी येईल. खोलीत ट्यूबलाईट चालू ठेवून, मॉनिटर पांढऱ्या कागदाएवढा उजळ दिसंल इतकाच ठेवा. मोबाईलवर आय कम्फर्ट चालू ठेवून रंग तपासू नका, पिवळं दिसतं. फाईल एसआरजीबीमध्येच (रंगांची नेहमीची पद्धत) लॅबला द्या, ॲडोबी आरजीबीमधली फाईल ज्या ठिकाणी प्रोफाइल वाचत नाहीत तिथं फिकी, मेलेली निघते आणि मग परत तीच तक्रार, चेहरा राखाडी. अल्बम छापायच्या आधी एक छोटी टेस्ट प्रिंट काढून दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ, बघा. पालकांना व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि लेकरांचे फोटो आपल्या पेजवर टाकायच्या आधी आई-वडिलांना विचारा, थोड्या मोठ्या मुलांना त्यांनाही विचारा.

"जरा उजळ करा की दादा" असं पालक म्हणतातच, त्यांच्याशी वाद घालत नाही. मी दोन प्रिंट काढतो, चार बाय सहाच्या, एक हिरवं काढलेली आणि एक गोरी केलेली, आणि लेकराला समोर बसवून दोन्ही त्याच्या गालाजवळ धरतो. काही बोलत नाही. आतापर्यंत आयांनी जवळजवळ प्रत्येक वेळी पहिलीवरच हात ठेवलाय. ज्यांनी दुसरी मागितली त्यांना मी म्हणालो, एक्स्पोजर अर्धा स्टॉप वर करून देतो, चेहरा, मान, हात सगळं सारखंच, पण चेहऱ्याचा रंग नाही बदलणार. त्यातून एखादं गिऱ्हाईक जातं. जाऊ द्यावं.

त्या अंबाजोगाईकडच्या बाईंच्या लेकीचं शूट मी परत केलं, तिच्या आजोळी, ओसरीच्या कडेला, पुढं आजोबांचं धोतर टाकून. आता नवीन प्रिंट त्यांच्या बैठकीत लावलीय.

एक शेवटची जागा जिथं यातलं काहीच चालत नाही ती सांगून ठेवतो. हिरव्या शेडनेटखाली, रोपवाटिकेत किंवा लग्नाच्या हिरव्या मांडवात काढलेला फोटो. तिथं चेहऱ्यावर येणाऱ्या उजेडातलं लाल मुळातच कमी झालेलं असतं, जे कॅमेऱ्यापर्यंत आलंच नाही ते एडिटिंगमध्ये आणायचं कुठून. निळ्या प्लास्टिकच्या पत्र्याखालीही तेच. मी तिथले फोटो ब्लॅक अँड व्हाईट करून बघितले, काही चालले, पण लेकराच्या वाढदिवसाला आईला रंगीतच फोटो पाहिजे असतो. त्यामुळं तसलं नेट दिसलं की कॅमेरा बाहेर काढायच्या आधीच लेकराला उचलून बाहेर, भिंतीच्या सावलीत घेऊन यायचं.